‘तुला छप्पन मिळतील!’

अकरावीतल्या मुलीला बॉयफ्रेंडनं सोडलं, ब्लॉक केलं आणि वर तिचे चॅट्स क्लासच्या ग्रुपवर टाकले, तर घरात काय म्हणतात? ‘दोन महिन्यांचं तर होतं!’ नाहीतर, ‘जाऊ दे, तुला छप्पन मिळतील.’ दोन्ही वाक्यं मायेपोटीच येतात आणि दोन्ही चुकतात.

गैरसमज : हे त्या वयातलं खूळ, आठवड्यात विसरेल.

वस्तुस्थिती : नातं किती दिवस टिकलं यावरून घाव मोजता येत नाही. अमेरिकेतल्या स्कॉट मनरो आणि सहकाऱ्यांच्या 1999च्या अभ्यासात, प्रेमसंबंध नुकताच तुटलेल्या किशोरवयीनांना पुढे पहिल्यांदाच नैराश्य येण्याचा धोका वाढलेला दिसला. बहुतेक मुलं सावरतात, हेही खरं. पण भावना आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. तोवर ‘विसर आता’ हा सल्ला फारसा पेलवत नाही.

गैरसमज : कौतुक केलं की आत्मसन्मान परत येतो.

वस्तुस्थिती : खरी गोम इथेच आहे. मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांनी किशोरवयीनांची स्वप्रतिमा अभ्यास, खेळ, मैत्री, दिसणं, प्रेमात कुणाला आवडणं अशा वेगवेगळ्या बाजूंनी तपासली. त्यात स्वतःविषयीच्या एकूण मताशी सगळ्यात घट्ट जोडलेलं निघालं ते दिसणं. म्हणून सोडून जाताना मारलेला ‘जाडी’, ‘काळा’ असा एक शेरा नात्यापेक्षा जास्त काळ टिकतो. लॉरेन हाऊ आणि कॅरल ड्वेक यांनी 2016 मध्ये दाखवलं, की माणसाचा स्वभाव बदलत नाही असं मानणारे नकारातून ‘मीच असा आहे’ असा निष्कर्ष काढतात आणि तो पुढच्या नात्यातही सोबत नेतात. त्यांचे सहभागी प्रौढ होते. सोळाव्या वर्षी तर ‘मी कोण’ हेच अजून ठरायचं असतं. ‘छप्पन मिळतील’ म्हणताना आपण मोजपट्टी पुन्हा दुसऱ्याच्याच हाती देतो : कुणी पसंत केलं तरच किंमत. त्यापेक्षा ‘त्यानं चॅट्स टाकले, हा त्याचा गुन्हा, तुझा नाही’ एवढं स्पष्ट बोललेलं बरं. आणि मग गप्प बसून ऐकावं.

गैरसमज : हे मुलींचं दुखणं.

वस्तुस्थिती : मुलगे रडत नाहीत, कारण रडलं की मित्रच खेचतात. मग ते चिडतात, रात्र रात्र गेम खेळतात, क्लास बुडवतात. आपण त्याला ‘माज’ म्हणतो.

गैरसमज : फोन काढून घेतला की विषय संपला.

वस्तुस्थिती : फोनबरोबर धीर देणारी मैत्रीणही जाते, आणि पुढच्या वेळी मूल काही सांगतच नाही. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर पुरावाही त्याच फोनमध्ये असतो. धमकीचे मेसेज पुसू नयेत. अठरा वर्षांखालच्यांचे लैंगिक स्वरूपाचे फोटो पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67बी नुसार गुन्हा आहे : पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, मदत मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर मिळते. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं. ‘जगून काय करू’ असं मूल बोललं, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी फोन करायचा आणि त्याला एकटं सोडायचं नाही.