साक्षीचा दिवस

सकाळी सात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, म्हणजे पॉक्सो कायद्याच्या खटल्यांत मी मुलांची सहायक व्यक्ती म्हणून काम करते. आज सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीची साक्ष आहे. तिच्या घरी पोचले तर आईच्या सुपात तेंदूची पानं तशीच पडलेली. आज विड्या नाहीत, म्हणजे मजुरीही नाही. मुलीशी मी खटल्याचं अवाक्षर काढत नाही. पढवलं असा आरोप झाला की केसच ढिली पडते. पोटभर खायला तेवढं लावते.

साडेदहा. कोर्टात वेगळ्या खोलीत बसतो.

"ताई, चप्पल बाहेर काढायची?"

"नको गं, घालूनच जायचं."

"उभं राहून बोलायचं?"

"बसून. प्रश्न समजला नाही तर नाही समजला म्हणायचं."

साडेअकरा. पुकारा होतो. दार बंद, आरोपी पडद्याआड. घरात तेलुगू, शाळेत मराठी, म्हणून दुभाषी बाई शेजारी आहेत. कलम ३३ प्रमाणे बचावाचे वकील मुलीला थेट विचारू शकत नाहीत. प्रश्न न्यायाधीशांकडे जातो, तेच तिला विचारतात. एका लांबलचक प्रश्नावर ती गप्प झाली. न्यायाधीशांनी त्याचे तीन छोटे प्रश्न केले, आणि तिन्हींची उत्तरं तिने दिली.

दोन. आई विचारते, "मॅडम, फाशी होईल का त्याला?"

पॉक्सोत २०१९ च्या दुरुस्तीने गंभीर अत्याचाराला किमान २० वर्षं कैद आणि फाशीपर्यंतची शिक्षा आली. राज्याने डिसेंबर २०२१ मध्ये महिला आणि मुलांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयकही मंजूर केलं, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. मला विचाराल तर घाई हवी ती साक्षीची. खटला कोर्टाने दाखल करून घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात निकाल, हे २०१२ च्या कायद्यातच लिहिलंय. तारखा लांबल्या की तिसरीतलं मूल पाचवीत जातं. आरोपी नात्यातला असला तर फाशीच्या धास्तीने घरचेच 'मिटवून टाका' म्हणू लागतात. हे मी आईला असं सांगत नाही. "आज पोरीने नीट सांगितलंय, अक्का. ते महत्त्वाचं," एवढंच म्हणते.

चार. अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणात कागद दिले.

सहा. दोघींना घरी सोडलं. पुढच्या आठवड्यात अक्कलकोटकडच्या एका मुलाची तारीख आहे. या कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. त्याला कन्नड दुभाषी लागेल, तो अर्ज आज रात्रीच लिहायला घेते.