डब्यावरचे व्होल्ट आणि घरातली भिंत
कॉर्डलेस ड्रिल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खानदेशातून सुरतेला आलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आज लिंबायत, डिंडोली, उधना, गोडादरा या भागांत राहते. स्वतःच्या घराचा ताबा मिळाला, वास्तुशांत झाली की कामांची यादी सुरू होते : पडद्याचा रॉड, देवघराची फळी, टीव्हीचा स्टँड, पाण्याचा फिल्टर. दर वेळी चार भोकांसाठी मिस्त्रीची वाट पाहण्यापेक्षा घरात एक कॉर्डलेस ड्रिल असावे, हा विचार योग्यच आहे. यंत्रमागावर किंवा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करणाऱ्या हातांना पाना-पेचकस नवा नसतो, त्यामुळे ते शिकणेही अवघड नाही. अडचण येते ती निवडताना. डब्यावरचे आकडे आणि ऐकीव सल्ले यांमुळे पगारातून बाजूला काढलेले पैसे चुकीच्या वस्तूवर जातात. म्हणून नेहमी कानावर पडणारे सात समज इथे तपासले आहेत.

गैरसमज १ : व्होल्ट जितके जास्त, तितके ड्रिल ताकदवान.

वस्तुस्थिती : लिथियम-आयन बॅटरीचा एक सेल सर्वसाधारणपणे ३.६ व्होल्टचा धरतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. ओळीने तीन सेल जोडले की १०.८ व्होल्ट होतात आणि ते ड्रिल ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकले जाते. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट. नुकताच चार्ज केलेला तोच पॅक २० ते २१ व्होल्ट दाखवतो. म्हणजे १८, २० आणि २१ ही बहुधा एकाच पाच सेलच्या पॅकची तीन नावे आहेत. इथवर फसवणूक नाही.

ती पुढे सुरू होते. ४८, ८८ असे आकडे छापलेली स्वस्त ड्रिल बाजारात सर्रास दिसतात. हिशेब करून पाहा. ८८ व्होल्टसाठी ओळीने सुमारे चोवीस सेल लागतील. नेहमीचा सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि साधारण ४५ ग्रॅम वजनाचा असतो. चोवीस सेलचे वजनच किलोच्या वर गेले! ड्रिलला खाली लागलेल्या मुठीएवढ्या पॅकमध्ये ते मावणार नाहीत. खरा आकडा शोधायला चार्जर उलटा करून ‘आउटपुट’ची ओळ वाचा. साध्या पिनच्या चार्जरवर १२.६ व्होल्ट असेल तर आत तीन सेल, २१ व्होल्ट असेल तर पाच.

एका चार्जमध्ये किती काम होईल, हे वॉट-तासांवरून कळते. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास एवढाच तो हिशेब : १०.८ व्होल्ट, २ अँपिअर-तास म्हणजे २१.६ वॉट-तास, १८ व्होल्ट, २ अँपिअर-तास म्हणजे ३६. स्क्रू पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेला असतो. घरच्या कामाला २५ ते ३० न्यूटन-मीटरचे १२ व्होल्टचे चांगले ड्रिल पुरते. ते हलकेही असते. स्टुलावर चढून हात उंचावला की हलकेपणाची किंमत कळते.

गैरसमज २ : ड्रिल चांगले असेल तर कुठल्याही भिंतीत भोक पडते.

वस्तुस्थिती : आधी भिंत ओळखा. प्लास्टरचा थर संपला की भुकटीचा रंग पाहा. लाल भुकटी म्हणजे भाजलेली वीट. पिठासारखी पांढरट आणि सहज निघणारी भुकटी म्हणजे बहुधा एएसी ब्लॉक. राखाडी भुकटी आणि पुढे न सरकणारे बिट म्हणजे आरसीसी : बीम, कॉलम, स्लॅब. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या नव्या इमारतींत तर बहुतेक सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात.

विटेसाठी हातोडीचे चिन्ह असलेले, म्हणजे इम्पॅक्टची सोय असलेले ड्रिल हवे. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटाला बारीक बारीक ठोके देतात. एएसी ब्लॉकवर मात्र ही सोय बंद ठेवा, नाहीतर भोक पसरते आणि स्क्रूसाठी आत बसवलेली गिट्टी (वॉल प्लग) धरत नाही. काँक्रीटचे काम रोटरी हॅमरचे. त्यातला पिस्टन हवेच्या दाबाने बिटावर खरा घाव घालतो. बीममध्ये दोन भोके पाडण्यासाठी महागडे यंत्र घेऊ नका. तेवढ्यापुरते मिस्त्रीला बोलवा. आणखी एक गल्लत टाळा. ‘इम्पॅक्ट ड्रायव्हर’ हे यंत्र स्क्रू पिळण्यासाठी असते. त्याचे ठोके गोल फिरण्याच्या दिशेने पडतात, भिंतीत शिरण्याच्या दिशेने नाही.

गैरसमज ३ : सोबत शंभर नगांचा सेट मिळाला की सौदा फायद्याचा.

वस्तुस्थिती : कापते ते बिट, ड्रिल त्याला फक्त फिरवते. भिंतीसाठी टोकाला कार्बाइड बसवलेले बिट, लोखंडासाठी एचएसएस, लाकडासाठी मधे अणकुचीदार टोक असलेले बिट. भिंतीचे ६ आणि ८ मिलिमीटरचे दोन चांगले बिट, लाकूड-लोखंडाचे तीन-चार आणि स्टार स्क्रूसाठी पीएच-२ टोक, एवढ्यात घर चालते. फुकट मिळालेल्या नरम बिटाची धार पहिल्याच विटेत जाते आणि दोष ड्रिलला लागतो.

बिटाचे महत्त्व चंद्रावरही दिसले आहे. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलने जमिनीत भोके पाडत होते. सुमारे ३ मीटर खोल जायचे ठरले होते. पहिले भोक दीड मीटरच्या थोडे पुढे जाऊन अडले. भोक पाडणाऱ्या नळ्यांच्या सांध्यांपाशी भुसा वर आणणारे पेच नीट नव्हते, त्यामुळे माती अडकून बसली. पुढच्या मोहिमेसाठी नळ्यांची रचना बदलली आणि अडचण सुटली. घरी बिट अडकू लागले तर तेच लक्षात ठेवा : जोर वाढवू नका, ड्रिल फिरते ठेवून बिट मागे घ्या, भुकटी बाहेर येऊ द्या.

गिट्टीचे मापही इथेच येते. ६ मिलिमीटरच्या गिट्टीला ६ मिलिमीटरचेच भोक. भोक सैल झाल्यावर आगपेटीच्या काड्या कोंबून फळी टांगणे धोक्याचे आहे. त्याऐवजी एक माप मोठी गिट्टी आणि तिच्या मापाचा स्क्रू वापरा.

गैरसमज ४ : पुढच्या कड्यावरचे आकडे वेग दाखवतात.

वस्तुस्थिती : ते आकडे क्लचचे. ठरलेला जोर लागला की क्लच कट-कट करत सुटतो, म्हणून स्क्रूचे डोके झिजत नाही आणि प्लायवूड फाटत नाही. स्क्रूसाठी लहान आकड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. भोक पाडताना ड्रिलचे चिन्ह निवडा. वेगाचे १-२ असे बटण वरच्या बाजूला असते : स्क्रूसाठी १, भोकासाठी २. ते बदलताना ड्रिल पूर्ण थांबलेले असू द्या.

गैरसमज ५ : ब्रशलेस नसेल तर घेऊच नये.

वस्तुस्थिती : ब्रशलेस मोटर बॅटरी कमी खाते आणि जास्त टिकते, रोज आठ तास काम करणाऱ्या सुताराला ती हवीच. महिन्यातून दोनदा ड्रिल हातात घेणाऱ्याला साधी मोटर पुरते. वाचलेले पैसे दुसऱ्या बॅटरीवर आणि चांगल्या बिटांवर खर्च करा.

गैरसमज ६ : बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये.

वस्तुस्थिती : हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये बाजारात आणलेले पहिले कॉर्डलेस ड्रिल त्याच बॅटरीवर चालत असे. लिथियम-आयन बॅटरी अशी पूर्ण संपवण्याची गरज नसते. उलट पूर्ण रिकामी बॅटरी महिनोन्महिने कपाटात राहिली तर कायमची मरू शकते. ड्रिल बरेच दिवस लागणार नसेल तर बॅटरी अर्धी भरून, ड्रिलमधून काढून ठेवा.

सुरतेत तिचे दोन मोठे शत्रू आहेत. पहिला उन्हाळा : मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत बॅटरी ठेवू नका आणि काम करून तापलेली बॅटरी थंड झाल्यावरच चार्जरला लावा. दुसरे पाणी : मिठी खाडीचे पाणी लिंबायतच्या घरांत शिरते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्याआधी पेटी वरच्या फळीवर चढवा. भिजलेली बॅटरी वाळवून पुन्हा चार्ज करण्याचा मोह मुळीच नको. आतून आग लागू शकते. बाद झालेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

गैरसमज ७ : वायर नाही, म्हणजे शॉकची भीती नाही.

वस्तुस्थिती : वायर ड्रिलला नाही, भिंतीत मात्र आहे. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका. प्लास्टरखाली तिथूनच तारा जातात. बिट जिवंत तारेला लागले तर ते धरणारा धातूचा चकही जिवंत होतो. मेन स्विच बंद करून काम करा. बॅटरीच्या ड्रिलचा हाच तर मोठा फायदा, की वीज बंद असतानाही ते चालते. डोळ्यांवर चष्मा हवा. ओढणी, पदर, सैल बाही आवरून घ्या आणि हातमोजे काढा. फिरत्या चकमध्ये कापड अडकले की हातही ओढला जातो.

दुकानात गेल्यावर

पॅकवर वॉट-तास लिहिले आहेत का, बीआयएसचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा. सुट्या बॅटरीची किंमत आणि सुरतेतले सर्व्हिस सेंटर विचारा. बॅटरी वेगळी मिळतच नसेल, तर तिच्यासोबत ड्रिलही एक दिवस निकामी होणार. चकमध्ये बिट लावून हळू फिरवा. टोक डगमगत असेल तर दुसरा नग मागा. अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्या. स्वस्त ड्रिल घेण्यात कमीपणा नाही. आपली भिंत आणि आपले काम ओळखून घेतलेले १२ व्होल्टचे साधे ड्रिल, ८८ चा आकडा मिरवणाऱ्या ड्रिलपेक्षा कितीतरी वर्षे जास्त साथ देते.