पीएच.डी.चे वेळापत्रक पेरणीशी बांधलेले
परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) पीएच.डी.चा विद्यार्थी एकट्या मार्गदर्शकाच्या भरवशावर नसतो. प्रवेशानंतर त्याच्यासाठी सल्लागार समिती नेमली जाते. मार्गदर्शक तिचा अध्यक्ष असतो आणि मुख्य व दुय्यम विषयांचे प्राध्यापक सदस्य. कोणते विषय घ्यायचे, संशोधन कशावर करायचे, यावर समितीची मोहोर लागते.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या २०२१च्या आराखड्यात पीएच.डी. १०० श्रेयांकांची आहे: ७५ संशोधनाचे, २५ अभ्यासक्रम व सेमिनारचे. वाटेत पात्रता परीक्षा, शेवटी बाहेरच्या परीक्षकांकडून प्रबंधाची तपासणी आणि तोंडी परीक्षा.

हे सगळे वेळेत बसवणे हे मार्गदर्शकाचे काम, आणि कृषी विद्यापीठात ते जास्त अवघड. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. संशोधन आराखड्यावरच्या सह्या दिवाळीनंतर झाल्या, तर वाफे आखून, बियाणे तयार ठेवूनही हंगाम हातचा जातो. निष्कर्ष पक्का करायला प्रयोग बहुधा दोन हंगाम घ्यावा लागतो. म्हणजे एक हंगाम हुकला की पदवी वर्षभर लांबते. म्हणून इथे चांगला मार्गदर्शक विषयासोबत पेरणीची तारीखही आधी ठरवतो.