मागून घेतलेली मेमरी

एका सर्व्हरवर दहा-वीस व्हर्च्युअल मशीन चालवायची, तर त्यांच्यात प्रोसेसर वाटून देणे फारसे अवघड नसते. वेळ संपली की याच्याकडून काढून त्याला द्यायचा. ज्याचा गेला त्याला थोडे थांबावे लागते, एवढेच. मेमरीचे तसे नाही. रॅमच्या प्रत्येक पेजमध्ये कोणाचे तरी काहीतरी लिहिलेले असते. ते पेज मोकळे करायचे तर आतला मजकूर दुसरीकडे हलवायला हवा, किंवा तो टाकाऊ आहे याची खात्री तरी हवी. नेमकी ही खात्री होस्टला, म्हणजे ही मशीन चालवणाऱ्या सर्व्हरला, करता येत नाही. गेस्टच्या, म्हणजे त्यावरच्या व्हर्च्युअल मशीनच्या, ऑपरेटिंग सिस्टमने कोणते पेज डेटाबेसला दिले, कोणते फाइलच्या कॅशसाठी भरले, कोणते वापरून सोडून दिले, हे बाहेरून कळत नाही. होस्टच्या लेखी सगळ्या कुलूपबंद ट्रंकाच. म्हणून मेमरी कमी पडू लागली, की मालकी होस्टची आणि माहिती गेस्टची असा पेच उभा राहतो. तो सोडवण्यासाठी तयार झालेला छोटासा भाग म्हणजे बलून ड्रायव्हर. ज्याला माहिती आहे त्याने निवड करावी आणि ज्याची मालकी आहे त्याने फक्त मर्यादा घालावी, हे त्यामागचे तत्त्व. माझ्या मते गेल्या वीसेक वर्षांत या क्षेत्रात जे टिकले, ते या तत्त्वाला धरून राहिल्यामुळेच टिकले.

होस्टने स्वतःच पेज उचलून डिस्कवर का टाकू नयेत, हा पहिला प्रश्न. तसे करता येते, आणि नाइलाज झाला की केलेही जाते. पण त्यातला धोका रॉबर्ट गोल्डबर्ग आणि रॉबर्ट हॅसिंगर यांनी 1974 मध्येच दाखवून दिला होता. होस्ट बरेच दिवस न वापरलेले पेज शोधून स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, टाकतो. थोड्या वेळाने गेस्टलाही चणचण भासते, आणि तोही त्याच निकषाने तेच पेज आपल्या डिस्कवर टाकायला निघतो. पण ते रॅममध्ये उरलेलेच नसते. मग होस्टने ते डिस्कवरून परत आणायचे, ते कशासाठी, तर गेस्टला ते पुन्हा डिस्कवर लिहिता यावे म्हणून. दोघेही आपापल्या जागी शहाणपणाने वागतात आणि काम मात्र दुप्पट होते. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरने यावर उपाय म्हणून स्वॅपसाठीची पेज चक्क यादृच्छिकपणे निवडायला सुरुवात केली. माहिती अर्धवट असेल तेव्हा चिठ्ठी टाकणे बरे, याची ती कबुलीच होती.

याच ईएसएक्सच्या मेमरी-व्यवस्थेवरचा कार्ल वॉल्डस्पर्गर यांचा शोधनिबंध डिसेंबर 2002 मध्ये बोस्टनच्या ओएसडीआय परिषदेत मांडला गेला, आणि बलूनची कल्पना तेव्हापासून सर्वतोमुखी झाली. युक्ती साधी आहे. गेस्टच्या आत एक ड्रायव्हर बसवायचा. होस्टला मेमरी हवी असली की तो या ड्रायव्हरला फुगायला सांगतो. ड्रायव्हर आपल्याच ऑपरेटिंग सिस्टमकडे रीतसर पेज मागतो, ती अडवून ठेवतो आणि त्यांचे क्रमांक होस्टला कळवतो. ती पेज आता गेस्टमध्ये कोणी वापरणार नाही, म्हणून त्यांच्यामागची खरी रॅम होस्ट बिनधास्त दुसऱ्याला देतो. आत काय सोडायचे, आधी मोकळी पेज द्यायची की कॅश रिकामी करायची, हे गेस्टचे कर्नल आपल्या नेहमीच्या पद्धतीने ठरवते. वॉल्डस्पर्गर यांच्या चाचणीत 256 एमबीचे मशीन बलूनने 128 एमबीवर आणले, तेव्हा मुळातच 128 एमबी दिलेल्या मशीनपेक्षा ते 4.4 टक्क्यांनी मागे पडले; 224 एमबीवर आणले तेव्हा फरक 1.4 टक्के होता. विनंतीची किंमत एवढीच.

लिनक्सच्या जगात हेच काम व्हर्टिओ-बलून करतो. त्यात होस्ट एक आकडा लिहितो, बलून किती मोठा हवा; गेस्ट दुसरा लिहितो, प्रत्यक्षात किती झाला. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच वाटाघाट. पण मूळ रचनेत बोलणे बरेचसे एकतर्फी होते: होस्ट मागणार, गेस्ट देणार. पुढच्या सगळ्या सुधारणांनी गेस्टला बोलायची सोय करून दिली. किती मेमरी मोकळी आहे, स्वॅप किती चालले आहे, याची आकडेवारी गेस्ट कळवू लागला. आत मेमरी पूर्ण संपून प्रोग्रॅम मारायची वेळ आली, तर बलून आपणहून सैल करण्याची मुभा आली. आणि 2020 मध्ये, लिनक्स 5.7 पासून, मोकळी पेज कोणी मागण्याआधीच गेस्ट होस्टला कळवू लागला.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्हींत तथ्य आहे. गेस्टने सहकार्यच केले नाही तर? बिघडलेला किंवा लबाड गेस्ट बलून फुगवणार नाही, हे खरे. म्हणूनच होस्टने स्वॅपचा अधिकार कधी सोडलेला नाही. पण मागे सक्ती उभी आहे म्हणून विनंती निरर्थक ठरत नाही, उलट तिला वजन येते. दुसरा आक्षेप वेगाचा. बलून फुगायला वेळ लागतो, आणि अचानक आलेल्या ताणात तो उशिरा पोहोचतो. याला उत्तर म्हणजे होस्टने तळ दिसेपर्यंत न थांबणे. ईएसएक्समध्ये मोकळ्या मेमरीचे 6, 4, 2 आणि 1 टक्का असे टप्पे होते. चार टक्क्यांच्या आसपास बलून, दोनला स्वॅप. तिसरा आक्षेप सर्वात टणक आहे. ग्राफिक्स कार्डासारखे उपकरण थेट गेस्टच्या हाती दिले, की त्या उपकरणासाठी गेस्टची मेमरी जागच्या जागी खिळली जाते आणि बलूनचा उपयोग संपतो. तिथे मेमरी मोजून आधीच द्यावी, हेच प्रामाणिक.

रॅम भरपूर घेऊन टाकावी म्हणजे कटकट मिटेल, असेही सुचवले जाते. पण भरपूर रॅम मिळाली की प्रत्येक गेस्ट ती कॅशने भरून टाकतो, कारण रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम, हाच प्रत्येक आधुनिक कर्नलचा हिशेब. म्हणून ईएसएक्सने पडून राहिलेल्या मेमरीवर कर बसवला आणि त्याचा ठरलेला दर 75 टक्के ठेवला. पूर्ण शंभर ठेवला नाही, कारण आज पडून असलेले पेज उद्या लागू शकते. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे: बलूनला किमान मर्यादा घाला, गेस्टची आकडेवारी चालू ठेवा, मागे स्वॅप राखून ठेवा, आणि मेमरी संपायच्या आधी मागा.