वीस वर्गांतला एक श्वास

गोंदिया जिल्ह्यातील देवरी किंवा आमगावच्या शाळेतला एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणा. लांबी १० मीटर, रुंदी ६ मीटर, उंची ३ मीटर. त्यातील १८० घनमीटर हवेत झेनॉन वायू असतो अवघा १६ मिलिलिटर. म्हणजे चहाचे तीन चमचे! रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये तो शोधला आणि ‘परका’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले.

हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन यांचा हा भाऊबंद. यांच्या अणूंची बाहेरची कक्षा पूर्ण भरलेली असल्याने ते सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. म्हणून यांना निष्क्रिय वायू म्हणतात. तरीही १९५१ मध्ये अमेरिकेत कलन आणि ग्रॉस यांनी झेनॉन हुंगवून रोग्यांना शस्त्रक्रियेसाठी भूल दिली! हे कसे घडले?

झेनॉनच्या अणूत ५४ इलेक्ट्रॉन असतात. बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर असल्याने त्यांचा ढग शेजारच्या रेणूमुळे किंचित एका बाजूला झुकतो आणि क्षीण आकर्षण निर्माण होते. रासायनिक बंध होत नाही. अणू नुसता चिकटतो. मेंदूच्या पेशींवरील काही प्रथिनांच्या खोबणीत तो असा बसला, की संदेशवहन मंदावते व शुद्ध हरपते. हेलियमजवळ दोनच इलेक्ट्रॉन. त्याने भूल चढत नाही. क्रिप्टॉन आणि अरगॉनने चढते, पण दाब बराच वाढवल्यावर.

झेनॉन रक्तात फार थोडा विरघळतो. त्यामुळे तो देणे थांबवताच उच्छ्वासावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो आणि रोगी लवकर शुद्धीवर येतो.

मग तो सर्व रुग्णालयांत का नाही? भुलेसाठी श्वासातील वायूत सुमारे ६५ टक्के झेनॉन लागतो. अर्ध्या लिटरच्या एका श्वासाला ३२५ मिलिलिटर. म्हणजे वीस वर्गांतला सारा झेनॉन! द्रवरूप हवेतून तो वेगळा काढणे फार खर्चाचे. म्हणून उच्छ्वासातला झेनॉन शुद्ध करून पुन्हा वापरावा लागतो.

उरलेला भाग मात्र ऑक्सिजनचाच हवा. जत्रेतल्या फुग्यातला हेलियम गंमत म्हणून कधीही ओढू नका. तो भूल देत नाही, पण फुप्फुसात ऑक्सिजनची जागा घेतो आणि जीव जाऊ शकतो. निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी नव्हे!