‘कोर्सला टाकावं’ म्हणण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक माझ्याकडे येतात. ‘मेडिकल थोडक्यात हुकलं, आता तुमच्या त्या ईसीजीच्या कोर्सला टाकावं म्हणतो.’ त्यातला ‘टाकावं’ हा शब्द मला खटकतो. हृदयरोग विभागात तंत्रज्ञ म्हणून केस पांढरे केलेल्या माणसाला तो खटकणारच!

हा अभ्यास बटणे दाबण्याचा नाही. साधा ईसीजीच घ्या. हातापायांना चार आणि छातीवर सहा इलेक्ट्रोड लावायचे. त्या दहांतून बारा आलेख उमटतात. छातीवरची पहिली जागा उरोस्थीच्या उजव्या कडेला, बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत. ती अंदाजाने नव्हे, बोटाने चाचपून मोजायची. घाईत इलेक्ट्रोड वर लागले, तर धडधाकट माणसाच्या कागदावरही कधीकधी जुना झटका येऊन गेल्यासारखी खूण दिसते. मग त्या घराची झोप उडालीच म्हणून समजा.

पुढची पायरी कॅथलॅबची. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याच्या साह्याने हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी प्रथम रुंद केली. आज हे काम गावोगावच्या मोठ्या रुग्णालयांत चालते. तिथे डॉक्टरांचे लक्ष नळीच्या टोकाकडे असते. अशा वेळी हृदयाची लय आणि रक्तदाब यांवर नजर ठेवायची ती तंत्रज्ञाने. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीत हवा. तो १० सेंटिमीटर खाली राहिला, तर दाब सुमारे ७ मिलिमीटरने जास्त दिसतो. अकरावीच्या भौतिकशास्त्रातला द्रवाचा दाब इथे असा भेटतो! अंगावर शिशाचा जड ॲप्रन घालून तासन्‌तास उभे राहावे लागते, ते वेगळेच.

प्रवेश घेताना इमारत पाहू नका. विद्यार्थी प्रत्यक्ष कॅथलॅबमध्ये किती दिवस काम करतात, एको कोण शिकवतो, पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे विचारा. या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि नोंदवहीची तरतूद करणारा कायदा २०२१ मध्ये झाला. तेव्हा आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हेही पाहा. रुग्णालयाशी संबंधच नसलेल्या वर्गातून बाहेर पडलेली मुले मी पाहिली आहेत. प्रमाणपत्र हातात, पण रुग्णाच्या छातीला हात लावायला बिचकतात.

एक गोष्ट मात्र मुलालाच किंवा मुलीलाच विचारा: रात्री दोनला रुग्णालयातून फोन आला, तर उठून निघशील का? तातडीच्या अँजिओप्लास्टीला डॉक्टरांइतकीच तुझीही वाट पाहिली जाते.