लंडन एका दिवसात, दोघांत, आणि बाबांचा एक व्हिडिओ कॉल

ज्यांचे हेडफोन हरवलेत, किंवा एसटीत शेजारी कुणी मोठ्याने रील्स लावून बसलंय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. ऐकलेला असेल तरी वाचा. बोलताना दोन-तीन गोष्टी राहून गेल्या होत्या.

तर जुलै २०२४. यांची मोठी बहीण लंडनला वेम्बलीत राहते, तिच्या बाळंतपणाला म्हणून आम्ही गेलेलो. गेलो ते कामालाच, त्यामुळे फिरायला मिळाला अख्खा एकच दिवस. आमच्या ह्यांनी फोनमध्ये चौदा ठिकाणांची लिस्ट केली होती, सगळी रील्समधली. माझ्या लिस्टमध्ये एकच नाव होतं, आणि तेही माझं नव्हतं. माझ्या बाबांचं होतं. बाबा संग्रामपूरला असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेत, गुडघ्यांमुळे आता शेगावपर्यंतसुद्धा जाणं होत नाही. निघताना एवढंच म्हणाले, "पोरी, मले फोटो नको. बाबासाहेबांच्या घरातून फोन लाव, मले दाखव."

यात अडचण घड्याळाची. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथे दुपारचे चार वाजले की संग्रामपुरात रात्रीचे साडेआठ, आणि बाबा नऊला झोपतात म्हणजे झोपतातच. म्हणून ठरवलं, साडेतीनला तिथे पोचायचं. बाकीचं लंडन त्याच्या आत बसेल तेवढं.

आधी प्रवासाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त मेसेज त्यावरच आलेत. मेट्रोला तिथे ट्यूब म्हणतात. तिकीट काढत बसायचं नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन गेटवर टेकवायचा. पण एका कार्डावर दोघं चालत नाहीत, माणशी एक कार्ड हवं. ट्यूबमध्ये चढतानाही टेकवायचं आणि उतरल्यावरही. बसमध्ये फक्त चढताना. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं करू नका, खातं तेच असलं तरी मशीन त्यांना दोन वेगळी माणसं समजतं. दिवसाच्या भाड्याला एक कमाल मर्यादा असते, ती मग लागू होत नाही. बसचं भाडं तेव्हा पावणेदोन पाउंड होतं, म्हणजे साधारण १८५ रुपये, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर ती फुकट. डबल-डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर टुरिस्ट बसचे पैसे वाचले समजा.

वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइन सरळ वेस्टमिन्स्टरला नेते. स्टेशनातून वर आलं की समोरच बिग बेन. खरं तर बिग बेन हे आतल्या मोठ्या घंटेचं नाव, वजन साडेतेरा टनांच्या वर. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. ह्यांनी तिथे एवढे फोटो काढले की नऊ वाजताच फोन साठ टक्क्यांवर आला. लंडन आयचं तिकीट दोघांचं मिळून सहा हजारांच्या पुढे जात होतं. पाळण्यात बसायला एवढे पैसे? खालूनच बघितलं.

मग बसने ट्रॅफल्गर स्क्वेअर, आणि तिथून चालत ब्रिटिश म्युझियम. प्रवेश फुकट. आत अमरावतीची शिल्पं आहेत. आपली अमरावती नव्हे हं, आंध्रातली, कृष्णाकाठची. बौद्ध स्तूपाचे दगड. हे आधी "आपल्या विभागातले" म्हणून खुश झाले, मग पाटी वाचून गप्प.

पण मला बघायची होती मधली गोल इमारत. १८५७ ची रीडिंग रूम. तेव्हा म्युझियमची लायब्ररी इथेच होती. कार्ल मार्क्स इथे बसून वाचायचा, आणि पुढे बाबासाहेबही. १९१६ ला ते पहिल्यांदा लंडनला आले, पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ ला अर्ध्यावरून परतावं लागलं. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले आणि १९२० ला पुन्हा आले. रात्री भूक लागली की पापडावर भागवायचे, असं चरित्रकारांनी लिहिलंय. आम्हीही म्युझियमच्या पायऱ्यांवर ताईंनी दिलेल्या दशम्या आणि ठेचा काढला. बाटली नळावर भरली. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला परक्या गावात नळाचं पाणी बिनधास्त प्यायला फार वेगळं वाटतं, खरंच सांगते.

आता गडबड ऐका. टॉटनहॅम कोर्ट रोडवरून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला जायचं होतं. ही लाइन कॅमडेन टाउनला फुटते. एक फाटा एजवेअरकडे, दुसरा हाय बार्नेटकडे. चॉक फार्म एजवेअरच्या फाट्यावर आहे. आम्ही पाटी न बघता आलेल्या गाडीत चढलो आणि उतरलो ते केंटिश टाउनला. "अहो, तुमच्या फोनमध्ये मॅप होता ना?" "बॅटरी वाचवत होतो." त्या प्लॅटफॉर्मवर आमचं जे काही झालं ते एपिसोडमध्ये नव्हतं आणि इथेही नाही. मागे येऊन, गाडी बदलून, चॉक फार्मला उतरून पूल ओलांडून जवळजवळ पळत गेलो. १० किंग हेन्रीज रोडला पोचलो तेव्हा चारला दहा कमी होते.

शांत गल्ली, विटांची घरं. भिंतीवर निळी गोल पाटी, बाबासाहेब १९२१-२२ ला इथे राहत होते अशी. महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ मध्ये विकत घेतलं. तिथे संग्रहालय चालवायला कॅमडेन कौन्सिलने परवानगी नाकारली होती, ती अपील झाल्यावर मार्च २०२० मध्ये मिळाली.

कॉल लावला. रिंग गेली, कट. पुन्हा लावला. बाबांना रेंज नव्हती, मग आई त्यांना हात धरून गच्चीवर घेऊन गेली. पडद्यावर आधी अंधार, मग बाबांचा चष्मा. मी खोलीभर फोन फिरवला. बाबा काहीच बोलेनात. मला वाटलं, नेट गेलं. मग म्हणाले, "खिडकीतून काय दिसते वं?"

मी फोन खिडकीला लावला. झाड, समोरची घरं, उभ्या केलेल्या गाड्या. एवढंच. ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तवा रमाई तिकडं मुंबईत होती."

मी शाळेत वाचलं होतं की बाबासाहेब लंडनला शिकले. त्या वर्षांत मुंबईत घर कोण चालवत होतं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. रमाईंनी लंडन पाहिलंच नाही. त्यांना पंढरपूरला जायचं होतं, तेही झालं नाही, कारण अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्या १९३५ ला गेल्या. मंदिर खुलं झालं १९४७ ला, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आमच्या शेजारच्या शेगावहून दरवर्षी पालखी पंढरपूरला जाते, मी लहानपणापासून बघते. आणि इथे मी नवऱ्याबरोबर, दोघांची दोन कार्डं टेकवत, दिवसभर फिरत होते.

कॉल संपला तेव्हा ह्यांचा फोन बंद पडला होता, माझा चार टक्क्यांवर. लिस्टमधली दहा ठिकाणं राहिली होती. हेच म्हणाले, "राहू दे." जवळच प्रिमरोझ हिल आहे, छोटी टेकडी, फुकट. वरून सगळं लंडन दिसतं, सकाळी खालून बघितलेला लंडन आयसुद्धा. जुलैत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. उरलेली दशमी अर्धी-अर्धी केली.

दिवसाचा दोघांचा खर्च, प्रवास आणि दोन कॉफ्या धरून, तीन हजारांच्या आत. जाणार असाल तर घर उघडं असण्याच्या वेळा आधी बघा, पॉवर बँक न्या, आणि कॅमडेन टाउनच्या आधी गाडीवरची पाटी वाचा: एजवेअर.